सदाफुलीची पाने चघळू नका!
आमच्या वस्तीत दारोदारी सदाफुली आहे. मधुमेहाची गोळी बंद करून तिची पाने चघळणारी माणसे पाहिली की आम्हांस काळजी वाटते. जमैकातही हाच समज होता. तिथली पाने कॅनडात डॉ. रॉबर्ट नोबल यांनी तपासली. उंदरांच्या रक्तातील साखर उतरली नाही. पांढऱ्या पेशी मात्र घटल्या! त्यातूनच १९५८ साली व्हिनब्लास्टिन हे जहाल अल्कलॉइड हाती आले. पुढे याच झाडातल्या व्हिन्क्रिस्टिनमुळे, इतर औषधांच्या जोडीने, रक्ताच्या कर्करोगातून असंख्य मुले वाचली. पण ते डॉक्टर मोजून, शिरेतूनच देतात. चघळलेल्या पानातले प्रमाण कोण मोजणार? बंधू-भगिनींनो, सदाफुली दारात फुलू द्या. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.