महाकाय चित्रे आणि संगणकाची स्मृती

अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०२२ साली रेम्ब्रांटच्या ‘द नाइट वॉच’ या चित्राची ७१७ अब्ज बिंदूंची प्रतिमा प्रसिद्ध केली. ८४३९ छायाचित्रे जोडून ती सिद्ध झाली होती. दर बिंदूस तीन रंगांचे तीन बाइट धरले, तरी ती सबंध उलगडण्यास दोन हजार गिगाबाइटांहून अधिक स्मृती हवी. अभ्यासकांपुढील प्रतिमा याहून पुष्कळ लहान असतात. पण अडचण तीच. प्रतिमेवर संस्कार करणारी आज्ञावली मध्येच बंद पडते आणि रात्रभराचे काम वाया जाते.

याचे कारण असे की, साठवणीतील फाइल बहुधा आवळलेली असते. स्मृतीत मात्र ती पूर्ण उलगडते. बाइटांच्या जागी दशांश संख्या योजल्यास जागा चौपट, प्रसंगी आठपट लागते. शिवाय प्रत्येक मधली प्रत तितकीच भर घालते.

तेव्हा घास लहान घ्यावा, हेच श्रेयस्कर. प्रतिमेचे चौकोन पाडावेत. एक वाचावा, संस्कार करून लिहून ठेवावा, स्मृती मोकळी करावी आणि मगच दुसऱ्यास हात घालावा. काही संस्कार शेजारच्या बिंदूंवर अवलंबून असतात. त्यांसाठी चौकोनांच्या कडा थोड्या एकमेकांवर चढू द्याव्यात, अन्यथा सांधे दिसतात. तुकड्यांनी घडलेले चित्र तुकड्यांनीच हाताळणे शहाणपणाचे.