लहान दाखवणारं भिंग ग्रह मोठा कसा करतं?

बार्लो भिंगातून वर्तमानपत्राकडे पाहा. अक्षरं मोठी होत नाहीत, उलट बारीक होतात. हे भिंग अंतर्गोल असतं, मध्ये पातळ आणि कडेला जाड. ते किरण गोळा करत नाही, फाकवतं. पण तेच छोट्या दुर्बिणीत नेत्रिकेच्या आधी बसवलं, की गुरूचं बिंब दुप्पट रुंद होऊन समोर येतं.

हे घडतं कसं? नवख्यांच्या हाती बरेचदा असते तशी ७० मिलिमीटर व्यासाची आणि ७०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण घेऊ. तिचं पुढचं भिंग ताऱ्याचे किरण एकवटत नळीच्या शेवटी आणतं. ते एकत्र येणार, एवढ्यात बार्लो त्यांना गाठतं. त्याचा फाकवण्याचा जोर बेताचा असतो, त्यामुळे किरणांची भेट मोडत नाही, लांबणीवर पडते. आता ते अधिक निमुळते होत जरा पुढे जाऊन भेटतात. त्या निमुळत्या किरणांकडे पाहिलं तर ते १४०० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून आले असंच वाटावं! बोटभर नळीने दुर्बिणीची लांबी जणू दुप्पट केली.

नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागलं की किती पट मोठं दिसेल ते कळतं. २५ मिलिमीटरची नेत्रिका २८ पट दाखवते, १० मिलिमीटरची ७० पट. दुप्पट करणारं बार्लो लावलं की ५६ आणि १४०. म्हणजे दोन नेत्रिकांच्या चार झाल्या. शिवाय ५ मिलिमीटरच्या साध्या नेत्रिकेला डोळा अगदी चिकटवावा लागतो; १० मिलिमीटरची बार्लोसह तेवढंच मोठं दाखवते आणि डोळ्याला मोकळी जागाही ठेवते. चष्मा न काढता पाहणाऱ्यांना हे फार सोयीचं.

पट म्हणजे नेमकं किती, याचा अंदाज मात्र चटकन येत नाही. आकाशातली रुंदी विकलांत, म्हणजे कोनाच्या बारीक एककात, मोजतात. पूर्ण चंद्र साधारण १८०० विकला रुंद दिसतो, पृथ्वीजवळ आलेला गुरू ४५ ते ५०. म्हणजे जेमतेम ४० पटींतच गुरू नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा होतो आणि १४० पटींत चंद्राच्या साडेतीन ते चार पट रुंद! नेत्रिकेला डोळा लावलेला माणूस यावर विश्वास ठेवत नाही, कारण काळ्या आकाशात तुलनेला शेजारी काही नसतं. गुरू दिसत असताना दुसरा डोळा उघडून शेजारच्या खऱ्या चंद्राकडे पाहावं, मगच खात्री पटते.

आणखी एक गोष्ट दुपटीने वाढते, ती म्हणजे पळ. पृथ्वी फिरते म्हणून आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकतं. साध्या नेत्रिकेतून ७० पटींत गुरू साधारण तीन मिनिटांत एका कडेकडून दुसऱ्या कडेला जातो. बार्लो लावलं की दीड मिनिटात. हात न लावता उभं राहा आणि पृथ्वीचं फिरणं डोळ्यांनी बघा.

आता या भिंगाच्या जन्माकडे वळू, कारण ते मुळात ग्रह मोठे दिसावेत म्हणून घडलंच नव्हतं. हे भिंग ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते पीटर बार्लो इंग्लंडमधल्या वुलिच इथल्या लष्करी अकादमीत गणित शिकवत. त्या काळी जोडताऱ्यांमधलं अंतर मोजायला दुर्बिणीच्या नाभीपाशी अतिशय बारीक तारा ताणलेल्या असत. अंतर नीट दिसावं म्हणून जास्त ताकदीची नेत्रिका लावावी, तर त्या तारांचाही दोरखंड होई आणि तारका त्यांच्याआड जाई. अंतर्गोल भिंग तारांच्या आधी बसवलं, की तारकांची प्रतिमा मोठी होते, तारा मात्र आहेत तेवढ्याच राहतात. लंडनचे दुर्बीणकार जॉर्ज डॉलंड यांनी १८३४मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात या भिंगाचं वर्णन केलं, ते याच गुणासाठी. मला हा उपाय अतिशय देखणा वाटतो: जे हवं तेवढंच मोठं करायचं.

बार्लो नवा प्रकाश मात्र आणत नाही. बिंब दुप्पट रुंद झालं की तोच प्रकाश चौपट जागेत पसरतो आणि चित्र मंद होतं. बारकावेही पुढच्या भिंगाच्या व्यासावर ठरतात. मिलिमीटरमधल्या व्यासाच्या दुप्पट पटींपलीकडे फक्त धूसरपणा वाढतो. आपल्या ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १४० ही हद्द झाली. खोक्यावर ५२५ पट छापलेलं असतं ते ४ मिलिमीटरची नेत्रिका आणि तिप्पट बार्लो यांचा गुणाकार असतो. तो आकडा वाचून दुर्बीण घेऊ नये. हवेचंही ऐकावं लागतं. दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि त्यावरून पाहिलेला शनी उकळत्या पाण्यातल्यासारखा हलतो. अशा रात्री बार्लो काढून ठेवावं.

हवा स्थिर असेल त्या रात्री पुनर्वसू नक्षत्रातल्या कॅस्टरवर दुर्बीण लावा. २८ पटींत तो एकच, जरा लांबट तारा वाटतो. १४० पटींत तो उकलतो: दोन पांढऱ्या तारका, मध्ये काळी फट. विल्यम हर्शेल यांनी १८०३मध्ये दाखवलं की या दोघी परस्परांभोवती फिरतात. एका फेरीला साडेचारशे वर्षांच्या आसपास लागतात. त्या प्रत्येकीत पुन्हा दोन तारे आहेत, आणि जरा दूरची मंद जोडीही त्यांच्याशीच बांधलेली आहे, असे एकूण सहा. १९६०च्या दशकात त्या दोघींमधली फट दोन विकलांच्या आसपास होती, ७० मिलिमीटरच्या भिंगाला जेमतेम उकलणारी. आता ती पाचाच्या पुढे गेली आहे.