हिराकसाचा थेंब जिथे टेकतो

चुनखडीच्या रानात कधी कधी उसाच्या शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात. एक पान तोडून उजेडात धरा. शिरा हिरव्या, मधले पट्टे फिके. शेतकरी म्हणतो, ऊस केवडा पडला. ही लोहाची उपासमार. नवल असं, की त्याच मातीत लोह भरपूर असतं. पण चुनखडीमुळे ते विरघळत नाही, आणि विरघळल्याशिवाय मुळांना घेता येत नाही. कणगी भरलेली, पण पोट रिकामं!

आता 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, विरघळवून त्या पानांवर फवारा. काही दिवसांत, जिथे थेंब टेकला तिथेच हिरवे ठिपके उमटतात. लोह पानात फारसं फिरत नाही, म्हणून शेजारची जागा पिवळीच राहते. फ्रान्समध्ये युझेब ग्री यांनी 1840च्या दशकातच लोहक्षारांनी पिवळी पानं हिरवी करून दाखवली होती.

पण थेंब आत शिरतो कसा? पानावर तर मेणचट थर असतो, पाणी उडून जाऊ नये म्हणून. या थरातही अतिसूक्ष्म वाटा आहेत, जेमतेम एका नॅनोमीटरच्या. मिलिमीटरचे दहा लाख भाग करा, त्यातला एक! युरियाचा रेणू लहान आणि विद्युतभाररहित, म्हणून तो चटकन आत जातो. 1950च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये टूकी आणि विटवर यांनी किरणोत्सारी फॉस्फरस पानांवर लावून त्याचा माग काढला. पानातून घेतलेला फॉस्फरस झाडाच्या इतर भागांतही पोचलेला आढळला.

वाट मात्र थेंब ओला असेपर्यंतच चालू राहते. म्हणून फवारणी सकाळी किंवा सायंकाळी, भर उन्हात नको. द्रावण तीव्र झालं तर पानंही करपतात.

या वाटेला मर्यादाही आहे. एकरी 200 लिटर पाण्यातून 2 टक्के युरिया फवारला, तर पिकावर जेमतेम 1.8 किलो नत्र पडतं. सुरू उसाला एकरी सुमारे 100 किलो लागतं. ते मातीतूनच द्यायला हवं. लोहाचं तसं नाही. 200 लिटर फवाऱ्यात 1 किलो हिराकस, त्यात लोह सुमारे 200 ग्रॅम, आणि तेवढ्यानं पिवळा पडलेला एकर हिरवा होऊ लागतो. पोटभर जेवण मुळांनी घ्यावं. अडलेला घास पानांनी.