कमाल रक्कम किती लिहिली होतीत?

गेल्या आठवड्यात क्रेडिट कार्डाच्या बिनव्याजी मुदतीचं गणित अर्ध्यावर सोडलं होतं. ते आजही अर्ध्यावरच राहणार, कारण मध्येच साताऱ्याहून एका वाचक ताईंचं पत्र आलं. त्या लिहितात, ‘वीज, गॅस, मोबाइल, विमा ही सगळी बिलं क्रेडिट कार्डावर टाकू की खात्यातून परस्पर कापून जाऊ देत? मुलगा म्हणतो कार्ड, पॉइंट मिळतात. आमचे हे म्हणतात खातं, उधारी नको.’

पॉइंटांचं आधी उरकून टाकू. २०२४ पासून बऱ्याच बँकांनी वीज-गॅससारख्या बिलांवरचे पॉइंट कमी केले किंवा बंद केले. काहींनी तर महिन्याला ठरावीक रकमेच्या वरच्या बिलांवर एक टक्का शुल्क लावलं. महावितरणकडे ऑनलाइन भरणा फुकट आहे, पण क्रेडिट कार्ड त्यातून वगळलेलं आहे. म्हणजे चिरंजीवांचे पॉइंट एका हातानं येतात आणि दुसऱ्या हातानं जातात. त्यावर घरात वाद घालण्यात अर्थ नाही.

माझ्या मते विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. बिल चुकीचं आलं तर आधी काय होतं? तुमची तक्रार, की तुमचे पैसे जाणं?

‘खात्यातून परस्पर’ म्हणजे बहुतेकांच्या बोलण्यात अजून ईसीएसच. कागदोपत्री आता ते नाच, म्हणजे एनपीसीआयची एनएसीएच ही व्यवस्था. तिचा फॉर्म, म्हणजेच मँडेट, आपण सगळ्यांनी भरलेला असतो आणि वाचलेला कोणीच नसतो. प्रतिनिधी पेन्सिलीनं फुल्या मारून आणतो, आपण फुल्यांवर सह्या करतो. त्या फॉर्मात दोन जागा अशा आहेत की त्यांच्यापुढे बाकीचा फॉर्म दुय्यम. एक रकमेची: ठरावीक रक्कम की कमाल रक्कम. दुसरी वारंवारितेची: दरमहा, तिमाही, वार्षिक, किंवा ‘मागणी येईल तेव्हा’. कर्जाच्या हप्त्याला ‘ठरावीक, दरमहा’ लिहिलं की विषय संपला. वीजबिल मात्र दर महिन्याला बदलतं, म्हणून तिथे कमाल रक्कम येते. अडीच हजारांच्या आसपास बिल येणाऱ्या घरानं तिथे पन्नास हजार लिहिलेले मी पाहिलेत. का, तर ‘नंतर कटकट नको’.

खरी कटकट कशी दिसते ते जून २०२० आठवून पाहा. टाळेबंदीमुळे मार्चपासून मीटर रीडिंग बंद होतं, बिलं सरासरीनं येत होती. रीडिंग पुन्हा सुरू झालं आणि साठलेला वापर एकाच बिलात उतरला, तोही घरात सगळे कोंडलेले असतानाच्या उन्हाळ्यातला. महाराष्ट्रभर आरडाओरड झाली, हेलपाटे झाले, शेवटी हप्त्यांची सोय मिळाली. आता ज्याच्या मँडेटवर कमाल रक्कम पन्नास हजार आहे, त्याला हप्ते कशाचे मागायचे? त्याचं बिल तर देय तारखेलाच वळतं झालेलं असणार!

याहून मोठी गोष्ट वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ मध्ये आहे, आणि ते कलम फार कमी ग्राहकांना ठाऊक असतं. थकबाकीसाठी वीज तोडायची तर पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते, हे अनेकांना माहीत आहे. त्याच्या पुढचा भाग असा: बिलाबद्दल वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीनं निघणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरायची. मग वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. हजारो रुपयांच्या वादग्रस्त बिलापुढे सरासरीचे दोन-अडीच हजार भरून शांतपणे भांडायचा हा हक्क आहे. पैसे आपोआप गेले की हक्क कागदावर राहतो आणि तुम्ही परताव्याच्या रांगेत.

इंग्लंडमधल्या एका वाचकांचा आक्षेप इथे घ्यायलाच हवा. ते म्हणतात, ‘आमच्याकडे सगळी बिलं डायरेक्ट डेबिटनं जातात, कोणाचं काही अडत नाही. तुम्ही उगाच भीती घालता.’ त्यांच्याकडे अडत नाही याचं कारण आहे, आणि त्याआधी एक गंमत. ब्रिटनमधलं डायरेक्ट डेबिट १९६४ सालचं, आइस्क्रीममुळे जन्मलेलं. युनिलिव्हरमधले अ‍ॅलस्टर हँटन यांच्यापुढे प्रश्न होता तो असंख्य लहान विक्रेत्यांकडून आइस्क्रीमचे पैसे गोळा करण्याचा. प्रत्येकाच्या चेकची वाट पाहण्यापेक्षा त्यांच्या संमतीनं आपणच बँकेकडे मागणी पाठवावी, ही कल्पना त्यांची. थोडक्यात, ही सोय मूळ घेणेकऱ्याची. देणेकऱ्याचा विश्वास बसावा म्हणून तिथल्या बँकांनी मागे हमी उभी केली: चुकीची रक्कम कापली गेली, तर तुमची बँक ती आधी परत देते आणि मग कंपनीशी काय ते बघते. आपल्याकडच्या खात्यावरच्या मँडेटला त्या तोडीची हमी नाही. म्हणून कमाल रकमेची चौकट हीच आपली हमी.

आपल्याकडे कार्ड आणि यूपीआयवरच्या ऑटोपेला मात्र रिझर्व्ह बँकेनं एक कुंपण घातलंय. पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी सूचना द्यायची, आणि तो व्यवहार थांबवायची मुभाही द्यायची. जून २०२२ पासून बहुतेक बिलांसाठी १५,००० रुपयांच्या वर ओटीपी लागतो. विमा हप्ता, म्युच्युअल फंड आणि कार्डाचं बिल यांना डिसेंबर २०२३ मध्ये ही मर्यादा एक लाख झाली. सूचनेनंतरचा हा एक दिवस लहान वाटतो, पण ‘हे बिल बरोबर नाही’ म्हणायला पुरतो.

मग सगळं कार्डावर टाकावं? थांबा. कार्डाची मुदत संपते, कार्ड हरवतं, बँक नवा नंबर देते, आणि जुन्या कार्डावरचं मँडेट गुपचूप मरतं. मोबाइलचं बिल चुकलं तर कंपनी दहा मेसेज पाठवते. विम्याचं तसं नाही. मासिक हप्त्याला सवलतीचे दिवस पंधरा, त्यानंतर पॉलिसी खंडित. खाते क्रमांक कित्येक वर्षं तोच राहतो, म्हणून विमा खात्यावरच बरा.

आणि कार्डाचंही बिल शेवटी कशातून जातं? खात्यातूनच, बहुधा ऑटो-डेबिटनं. तिथे विचारलं जातं, एकूण देय की किमान देय? किमान देय निवडणारे बरेच भेटतात. ‘जास्तीचं मी स्वतः भरीन’ म्हणतात, आणि भरत नाहीत. तीस हजारांच्या बिलात किमान देय साधारण दीड हजार. उरलेल्या साडेअठ्ठावीस हजारांवर महिना साडेतीन टक्क्यांनी हजाराच्या घरात व्याज, वर अठरा टक्के जीएसटी. शिवाय त्या महिन्यापासून नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. ग्राहक आयोगानं २००८ मध्ये तीस टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित ठरवलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला. तेव्हा त्या आधारावर राहू नका.

खात्याच्या बाजूचा एक धोका ताईंच्या यजमानांसाठी. शिल्लक नसल्यानं मँडेट परतलं, तर बँकेचा दंड लागतोच, पण पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ नुसार हा चेक न वटण्यासारखाच गुन्हा आहे. नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत, तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि ‘पाच तारखेला रविवार आहे, सोमवारी भरू’ हा हिशेब १ ऑगस्ट २०२१ पासून चालत नाही. नाच आता रविवारीही कापतं.

तेव्हा ताई, माझी मांडणी अशी. हप्ता, विमा, सोसायटी ही न हलणारी देणी खात्यावर, ‘ठरावीक रक्कम’ लिहून. मोबाइल, इंटरनेट कार्डावर, आणि कार्डाचं ऑटो-डेबिट ‘एकूण देय’वर. गॅसचं कार्डावर चालेल, फक्त शुल्क लागत नाही ना तेवढं बघा. वीजबिल मी आपोआप जाऊ देत नाही. बिलावर लवकर भरण्याची एक तारीख आणि थोडी कमी रक्कम छापलेली असते, त्या तारखेच्या आत आकडे डोळ्यांखालून घालून यूपीआयनं भरतो. आपोआपच हवं असेल, तर कमाल रक्कम गेल्या मे महिन्यातल्या बिलाच्या दीडपट लिहा, पुढे नको.

या आठवड्यात एक करा. नेट बँकिंगमध्ये मँडेटची यादी असते, ती उघडा. फिटलेल्या कर्जाचं, बंद केलेल्या एसआयपीचं एखादं मँडेट अजून जिवंत सापडेल. त्याचा यूएमआरएन क्रमांक टिपून बँकेत रद्द करायला द्या आणि पोच मागून घ्या. बिनव्याजी मुदतीचं गणित पुढच्या खेपेला, आणखी कोणाचं पत्र आलं नाही तर.