लिंबाला दिलेला ताण



उज्जैनची काळी माती ज्यांनी हाताळली आहे, त्यांना ती वेगळी सांगायला नको. पावसाळ्यात चपलेला चिकटून येते आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. निवृत्तीनंतर अशाच मातीत, घरामागच्या अंगणात, मी कागदी लिंबाचं गुटी कलम लावलं. गुटीला तिसऱ्या वर्षापासून फळं येऊ लागतात असं ऐकलं होतं. तिसरं वर्ष गेलं, चौथंही गेलं. झाड हिरवंगार, फांद्या कुंपणाबाहेर, पण फूल एक नाही.

माझी काळजी मात्र चोख होती. सकाळच्या चहाआधी दोन बादल्या पाणी, रोज, न चुकता. शेवटी कंटाळून मी कुऱ्हाड काढली. शेजारचे दादाजी, जन्मभर सोयाबीन आणि गहू केलेले, भिंतीवरून बघत होते. म्हणाले, "मास्टरसाब, इसे थोड़ा प्यासा भी तो रखो."

त्यांनी समजावलं ते असं. लिंबाला सतत पाणी मिळालं की ते पानं आणि फांद्याच वाढवत राहतं. बहार धरायचा तर काही आठवडे पाणी तोडावं लागतं. आपले शेतकरी याला 'ताण देणं' म्हणतात. पानं मलूल होतात, थोडी गळतातही, आणि झाडाची वाढ थांबून ते फुलोऱ्याची तयारी करतं. आपली काळी जमीन ओल धरून ठेवते, म्हणून इथे ताणाला हलक्या जमिनीपेक्षा जास्त दिवस लागतात. शिवाय बुंध्याशी पाणी साचलं तर मुळं कुजतात, डिंक्या रोग लागतो. म्हणजे माझी माया झाडाच्या मुळावरच आली होती.

हे ऐकताना मला माझा मुलगा आठवला. तो पुण्यात नोकरी करतो. दोन वर्षांपासून त्याने उपासनेला जाणं सोडलं होतं. मी रोज सकाळी साडेसहाला त्याला मोबाईलवर वचन पाठवायचो, रविवारी फोन करून "आज चर्चला गेलास का?" विचारायचो. हळूहळू तो फोन उचलेनासा झाला. इथेही दोन बादल्या, रोज, न चुकता!

लूकच्या तेराव्या अध्यायातला अंजिराच्या झाडाचा दाखला मी शाळेच्या वयापासून ऐकत आलोय. मालक झाड तोडायला सांगतो, माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. पण तो माळी नुसता थांबत नाही. आळं खणीन, खत घालीन, असंही सांगतो. धीर म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे आणि सारखं पाणी ओतणंही नव्हे. केव्हा काय करायचं आणि केव्हा हात आवरायचा, हे कळणं म्हणजे धीर.

ज्यांनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, ते विल्यम कॅरी हाडाचे बागवान होते. १७९३ मध्ये ते बंगालात आले आणि पहिल्या भारतीयाला बाप्तिस्मा द्यायला १८०० चा डिसेंबर उजाडला. सात वर्षं! १८२३ च्या पुरात त्यांची सेरामपूरची बाग उद्ध्वस्त झाली, तेव्हा त्यांनी ती पुन्हा लावली.

डिसेंबरात मी लिंबाचं पाणी तोडलं आणि मुलाला संदेश पाठवणंही थांबवलं. प्रार्थना मात्र थांबवली नाही. तीन आठवड्यांनी त्याचाच फोन आला. "बाबा, तब्येत बरी आहे ना? मेसेज का बंद झाले?" मी म्हटलं, "बरी आहे. तू कसा आहेस?" आणि पहिल्यांदाच गप्प राहून त्याचं ऐकलं.

जानेवारीत आळं खणून शेणखत घातलं, पहिलं पाणी बेतानं दिलं. फेब्रुवारीत झाड पांढऱ्या फुलांनी भरलं. बरीच फुलं गळली, पण जूनमध्ये तेवीस लिंबं हाती आली.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. कुणाच्या घरी आजारपण किंवा मृत्यू असेल, तर त्यांना "देव तुम्हाला ताण देतोय" असं कृपा करून म्हणू नका. तिथे सोबत बसावं, जमलं तर डबा न्यावा. माझा धडा पाणी घालणाऱ्यांसाठी आहे.

लिंबं उतरवायला मुलगा आला होता. तो अजून उपासनेला जात नाही. पण रात्री जेवणाआधी मी डोळे मिटले, तेव्हा पूर्वीसारखा उठून गेला नाही, बसून राहिला. मीही काही बोललो नाही. पाच लिंबं दादाजींकडे पोचवली, बाकीच्यांचं हिने लोणचं घातलं. ते मुरायलाही वेळ लागणारच.