भिंतीला हात न लावणारा भाडेकरू

पॅरिसच्या ले आल भागातली ही गोल इमारत मुळात धान्याची पेठ. १७६०च्या दशकात ती बांधली गेली, तेव्हा शहराला लागणारा गहू आणि पीठ इथे साठवलं आणि विकलं जाई. मधल्या मोकळ्या चौकावर पुढे लाकडी घुमट चढला, तो १८०२च्या आगीत गेला. मग आला लोखंडी घुमट. १८८९ मध्ये मोठी फेरबांधणी होऊन इथे शेतमालाचे सौदे होऊ लागले. इमारतीचं नाव पडलं ‘बूर्स द कॉमर्स’.

आज तिथे उद्योगपती फ्रान्स्वा पिनो यांच्या संग्रहातली समकालीन कला आहे. मे २०२१ पासून हे संग्रहालय सुरू आहे. एवढा धनाढ्य माणूस, पण इथे तो भाडेकरू आहे. इमारत पॅरिस शहराच्या मालकीची, करार ५० वर्षांचा.

जपानी वास्तुकार तादाओ आंदो यांनी ही भाडेकरूची मर्यादा मनापासून पाळली, आणि मला या इमारतीत सर्वांत मोठी वाटते ती हीच गोष्ट. जुन्या वर्तुळाच्या आत त्यांनी काँक्रीटचं दुसरं वर्तुळ उभं केलं. २९ मीटर व्यासाचं, ९ मीटर उंच, वरून उघडं. जुन्या भिंतीपासून ते अंतर राखून आहे, आणि उद्या काढायचं ठरलं तर मूळ वास्तूला धक्का न लावता काढता येईल, अशी त्याची रचना आहे.

या दोन वर्तुळांमधल्या बोळातून चालावं. एका हाताला आंदोंचं गुळगुळीत, राखाडी काँक्रीट. दुसऱ्या हाताला १८८९ची काचेची लाकडी कपाटं, एकूण २४. नव्या भिंतीला बिलगून जिना वर जातो, आणि त्या माथ्यावरून चालताना घुमटाच्या कडेनं फिरणारं जगभरच्या व्यापाराचं जुनं चित्र खालच्यापेक्षा कितीतरी जवळ येतं. नव्यानं जुन्याला झाकलं नाही, उलट जवळून दाखवलं.

उद्घाटनाला मधल्या वर्तुळात कलाकार उर्स फिशर यांची शिल्पं होती. त्यांतलं एक म्हणजे शिल्पकार जाम्बोलोन्या यांच्या सोळाव्या शतकातल्या संगमरवरी शिल्पाची हुबेहूब प्रतिकृती, पण मेणाची. आत वाती. त्या पेटवल्या गेल्या, आणि घुमटातून उतरणाऱ्या उजेडात ते शिल्प महिनोन्‌महिने वितळत राहिलं. हात गळाले, डोकी गळाली, आणि फरशीवर मेणाचे थर साचत गेले.