दुधाचे पातेले आणि रक्तातील तांबे

आपल्या अंगात लोखंड आहे, तांबे आहे, जस्तही आहे, असे कुणी पारावर सांगितले तर मंडळी हसतील. पण गोष्ट खरी आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात लोह ३ ते ४ ग्रॅम असते आणि तांबे जेमतेम गुंजभर. एवढ्याशाशिवाय मात्र शरीराचे चालत नाही.

हे धातू रक्तात मोकळे सोडून चालत नाही, कारण मोकळे लोह किंवा तांबे पेशींना इजा करते. म्हणून रक्तातील काही प्रथिने धातूचा आयन, म्हणजे विद्युतभारित कण, घट्ट धरून नेतात. लोह वाहते ते ट्रान्सफेरिन. त्याच्या एका रेणूत लोहाच्या दोनच कणांना जागा. निरोगी माणसात यांतल्या साधारण एक तृतीयांश जागा भरलेल्या असतात. बाकीच्या रिकाम्या, म्हणून नवे आलेले लोह मोकळे राहत नाही. पेशीत शिरल्यावर तिथल्या आम्लतेने पकड सुटते, लोह उतरते आणि रिकामे ट्रान्सफेरिन पुन्हा रक्तात येते.

तांब्याचा प्रवास दोन टप्प्यांचा. आतड्यापासून यकृतापर्यंत ते मुख्यतः अल्ब्युमिन नेते. यकृत त्यातले हवे तेवढे सेरुलोप्लाझ्मिन या दुसऱ्या प्रथिनात बसवून रक्तात पाठवते आणि जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकते. म्हणजे वाहतूक कितीही चोख असली, तरी सगळा भार शेवटी यकृतावर.

हा भार तान्ह्या मुलांवर पडला तर काय होते, ते पुणे भागाने पाहिले आहे. पोट फुगलेले, यकृत टणक, पुढे कावीळ. अशी एक-दोन वर्षांची मुले बहुधा दगावत. त्यांच्या यकृतात तांबे बेसुमार साठलेले असे. रक्तात सेरुलोप्लाझ्मिन कमी नव्हते. वाहकाची उणीव नव्हती. मग तांबे आले कुठून? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटनच्या डॉ. टॅनर यांच्यासह याचा शोध घेतला. १९८३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी मांडले, की बिनकल्हईच्या पितळी भांड्यातले वरचे दूध फार लवकर सुरू करणे हे कारण असावे. दुधातले केसीन हेही प्रथिनच. भांड्याचे तांबे तेही धरून ठेवते. एकच दूध पिऊन सगळीच मुले आजारी पडत नसत, म्हणून काहींच्यात उपजत कमजोरीही असावी.

पेनिसिलामाइन हे औषध तांब्याला पकडून लघवीवाटे बाहेर काढते. ते वेळेत मिळालेली काही मुले वाचली. पण खरा फरक पडला तो भांडे बदलल्याने. स्टीलची पातेली आली, मातांना सल्ला मिळू लागला, आणि हा आजार दुर्मीळ झाला.

जळोची असो की इंदापूर, जुन्या घराच्या फडताळात पितळेची पातेली आजही सापडतील. ती जरूर जपावीत. पण बाळाला पहिले ६ महिने आईचेच दूध द्यावे, आणि पुढे वरचे दूध स्टीलच्या भांड्यात तापवावे. दूध, ताक, आमटी बिनकल्हईच्या पितळेत ठेवू नये. गुरुजनांनी हे वर्गात सांगितले, तर मुले ते घरी आजीपर्यंत नक्की पोचवतील.